सुटलेला डीझेड

वहीतली चिन्हं आधी. झेडला झ, डब्ल्यूला व. डीझेड म्हणजे डझ, डीडब्ल्यू म्हणजे डव. आय हे उणे एकचं वर्गमूळ. ^ या खुणेनंतर घात. पाय आणि थीटा नेहमीचेच.

*

१/झ^२ घ्या. शून्यापाशी दुहेरी पोल आहे आणि रेसिड्यू शून्य, कारण १/झ हे पदच त्यात नाही. आता झ = व + व^२ असं ठेवू. शून्य शून्यावरच राहतं आणि जवळपास एकास एक जोडी लागते, म्हणजे प्रतिस्थापन अगदी सभ्य आहे. नवं फलन १/(व + व^२)^२. त्याची श्रेणी उलगडली की १/व^२ − २/व + … मिळते. रेसिड्यू उणे दोन!

शून्याचे उणे दोन झाले कसे? वाटेत डझ सुटला. डझ = (१ + २व) डव. हा कंस आत घेऊन गुणाकार केला की १/व^२ मधून +२/व येतं, आधीच्या −२/व ला मारतं आणि रेसिड्यू पुन्हा शून्य होतो. जमिनीच्या व्यवहारात गुंठ्यांचा आकडा तसाच ठेवून पुढे फक्त ‘एकर’ लिहावं, तसा हा प्रकार आहे. आकड्याची चूक नाही, पण ज्याच्यासोबत आकडा यायचा ते मागे राहिलं.

*

याहून वाईट म्हणजे चूक कधीकधी दिसतच नाही. त्याच प्रतिस्थापनात १/झ घेतलं तर १/(व + व^२) चा रेसिड्यू एक येतो, डझ लावला तरी एकच. विद्यार्थी खूश. मग झ = २व ठेवावं. १/(२व) चा रेसिड्यू अर्धा, आणि डझ = २ डव धरला की एक. पहिल्या खेपेला शून्यापाशी विकलज नेमका एक होता म्हणून निभावलं. साध्या पोलवर तपासलेलं सूत्र दुहेरी पोलवर तपासल्याशिवाय खरं मानू नये.

*

पुस्तकं लिहितात, ‘फलनाचा अमुक बिंदूपाशी रेसिड्यू’. हे बोलणं सोयीचं आहे, पण त्यानेच घोळ होतो. रेसिड्यू फलनाचा नसतो, फ(झ) डझ या जोडीचा असतो. फलन म्हणजे प्रत्येक बिंदूवरची एक किंमत. मोजपट्टी बदलली तरी त्या बिंदूवरची किंमत बदलत नाही. काँटूरवरून बेरीज मात्र किमतींची होत नाही, किंमत गुणिले छोटं पाऊल यांची होते. पाऊल कोणत्या पट्टीने मोजलं, ते सांगायलाच लागतं.

इंजिनिअरिंगच्या पोरांना हे एककांतून लगेच पटतं. झ मीटरमध्ये असेल आणि फलन व्होल्ट प्रति मीटरमध्ये, तर रेसिड्यू व्होल्टमध्ये येतो. फलनाचं एकक आणि रेसिड्यूचं एकक वेगळं निघालं, इथेच उत्तर आहे.

*

यात थोडा दोष मूळ पुरुषाचाही. कोशीने १८२६ मध्ये हा शब्द रूढ केला, तेव्हा व्याख्या अशी केली: बिंदूपासून एप्सिलॉन इतकं सरकून फलन उलगडा, १/एप्सिलॉनचा सहगुणक म्हणजे रेसिड्यू. व्याख्येत डझ कुठेच नाही. त्याच्या लेखाचं शीर्षकच सांगतं की त्याला हे कलनशास्त्रासारखं एक नवं कलन वाटत होतं. त्यासाठी त्याने वेगळं वळणदार ई हे चिन्ह योजलं, फलनाभोवती दुहेरी कंस घातले. संमिश्र सीमांमधल्या संकलनावरचा त्याचा मोठा निबंध त्याच्या आदल्याच वर्षी, १८२५ मध्ये आला होता. म्हणजे डझ त्याला पुरता माहीत होता. पण सहगुणकाची व्याख्या हाताला सोपी, म्हणून पाठ्यपुस्तकांत तीच टिकली.

लॉराँची गोष्ट त्यानंतरची. पिएर आल्फाँस लॉराँ हा लष्करी अभियंता, ल आव्र बंदराच्या विस्ताराच्या कामावर होता. १८४३ मध्ये त्याने अकादमीच्या बक्षिसासाठी ऋण घातांची श्रेणी असलेला निबंध पाठवला, पण मुदत टळून गेली होती. कोशीने अनुकूल अहवाल दिला, तरी निबंध छापला गेला नाही. वायरश्ट्रासने तीच गोष्ट १८४१ मध्ये लिहून ठेवली होती, पण तीही छापली गेली १८९४ मध्ये. ऋण घातांची श्रेणी आज दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फळ्यावर एका तासात दाखवतात.

*

रेसिड्यू प्रतिस्थापनात का टिकतो? काँटूरने सिद्ध करता येतं: लहान वर्तुळ लहान बंद वळणावर जातं, संकलन तेच राहतं, संपलं. मला दुसरी वाट जास्त आवडते, तिच्यात संकलन लागतच नाही.

झ^न डझ घ्या. न उणे एक नसेल, तर हे झ^(न+१)/(न+१) चं विकलन आहे. कुठल्याही श्रेणीचं विकलन करा, त्यात १/व कधीच येत नाही, कारण १/व यायला मुळात शून्य घाताचं पद हवं आणि त्याचं विकलन शून्य. म्हणजे ही सगळी पदं कुठल्याही पट्टीत रेसिड्यूहीनच राहतात. उरलं एकटं डझ/झ. झ = व × (शून्य नसलेलं काही) असं मांडलं की डझ/झ = डव/व + पोल नसलेलं काही. एक तो एकच राहिला.

सगळ्या घातांमध्ये उणे एक हा असा एकटा पडतो. बाकीच्यांचं संकलन घातातच होतं, याचं लॉगॅरिदम होतं. लॉगॅरिदम एका फेरीत टू पाय आयने सरकतं, आणि रेसिड्यूच्या मागे येणारा टू पाय आय तोच.

*

नेहमीचं गणित: शून्यापासून दोन पायपर्यंत डथीटा/(५ + ४ कॉस थीटा).

पहिली वाट सगळ्यांना पाठ असते. झ = ई^(आय थीटा), कॉस थीटा = (झ + १/झ)/२, डथीटा = डझ/(आय झ). उरतं डझ / [आय (२झ + १)(झ + २)]. एकक वर्तुळाच्या आत −१/२ हा पोल, तिथे रेसिड्यू १/(३ आय). उत्तर दोन पाय भागिले तीन.

दुसरी वाट अकरावी-बारावीची: ट = टॅन(थीटा/२). मग उरतं २ डट/(९ + ट^२), उणे अनंतापासून अनंतापर्यंत. वरच्या अर्ध्या प्रतलात पोल ३ आय, तिथे रेसिड्यू २/(६ आय), म्हणजे १/(३ आय). उत्तर तेच.

उत्तर जुळलं, ते जुळणारच होतं. पण रेसिड्यूही जुळला, अगदी १/(३ आय) ला १/(३ आय). हा योगायोग नाही. टॅन(थीटा/२) झमध्ये लिहिला तर ट = −आय (झ − १)/(झ + १) येतो. यात झ = −१/२ घाला: ट = ३ आय. झ = −२ घाला: ट = −३ आय. एकक वर्तुळाचं आतलं मैदान सबंध वरच्या अर्ध्या प्रतलावर पसरतं, झ = ० जातो ट = आय वर, आणि झ = −१, म्हणजे थीटा = पाय, अनंतावर. दोन वाटांनी केलेलं गणित एकच होतं, पोलही एकच होता.

फळ्यावर मुलं या दोन रीती शेजारीशेजारी, दोन वेगळी तंत्रं म्हणून लिहून घेतात. मधला बाण कोणी काढत नाही. पुस्तकंही काढत नाहीत, कारण पहिली रीत ‘रेसिड्यू’ या प्रकरणात येते आणि दुसरी ‘निश्चित संकलन’ या प्रकरणात.

अवांतर: डिजिटल फिल्टर बनवणारे याच जातीच्या समीकरणाला बायलिनिअर ट्रान्स्फॉर्म म्हणतात. तिथे डावं अर्ध प्रतल वर्तुळाच्या आत जातं, आणि स्थिर फिल्टर स्थिरच राहतो.

*

त्याच गणितात कॉस थीटाऐवजी कॉस २थीटा. हुशार पोरगा झ = ई^(२ आय थीटा) ठेवतो, डथीटा = डझ/(२ आय झ), आणि उत्तर निम्मं आणतो: पाय भागिले तीन. वर्तुळाला दोन फेऱ्या झाल्या, हे विसरला. दोन फेऱ्यांचा दोन आणि छेदातला दोन एकमेकांना खातात, उत्तर पहिलंच.

नियम असा: प्रतिस्थापन त्या बिंदूपाशी एकास एक नसून म-पदरी असेल, म्हणजे झ साधारण व^म सारखा वागत असेल, तर रेसिड्यू म पट होतो. झ = व^२ ठेवा, डझ/झ = २ डव/व. व शून्याभोवती एकदा फिरला की झ दोनदा फिरतो. एवढंच.

आणि हे ध्यानात आलं की ‘आर्ग्युमेंट प्रिन्सिपल’ नावाचं प्रमेय वेगळं शिकवायला नको. फ′/फ डझ म्हणजे डव/व मध्ये व = फ(झ) घातलेलं. जिथे फ चं म-पदरी मूळ तिथे रेसिड्यू म, जिथे म-पदरी पोल तिथे उणे म. मुळं मोजायचं यंत्र म्हणजे सगळ्यांत साध्या रेसिड्यूवर केलेलं सगळ्यांत साधं प्रतिस्थापन आहे.

*

अनंतावरचा रेसिड्यू. १/झ अनंतावर शून्याकडे जातं, तिथे काही बिघडत नाही, तरी तिथला रेसिड्यू उणे एक! फलनाकडे पाहणाऱ्याला हे कधी पटत नाही. झ = १/व ठेवा: डझ/झ = −डव/व. पोल समोर दिसतो. फलन अनंतावर शांत असतं, पण डझ नसतो. १/व च्या पट्टीत त्यालाच दुहेरी पोल आहे, −डव/व^२.

याचा सगळ्यांत रोख फायदा परीक्षेत होतो. झ^१५ भागिले (झ^२ + १)^२ (झ^४ + २)^३, तीन त्रिज्येच्या वर्तुळावर. आत दोन दुहेरी पोल आणि चार तिहेरी. तिहेरी पोलला दोनदा विकलन करायचं आणि तेही चार ठिकाणी. पुरवण्या मागणारे कमी नसतात. झ = १/व केलं तर सगळं गोळा होऊन येतं −डव / [व (१ + व^२)^२ (१ + २व^४)^३]. शून्यापाशी साधा पोल, रेसिड्यू उणे एक. अनंत धरून सगळ्या रेसिड्यूंची बेरीज शून्य, म्हणून आतल्या सहांची बेरीज एक. उत्तर टू पाय आय. दोन ओळी.

अनंताला घाबरून सहा पोल उपसणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, दोन ओळी लिहिणाऱ्यालाही. पहिल्याला पुढचा प्रश्न सोडवायला वेळ उरत नाही, एवढाच न्याय.

*

वर्गमूळाचं. शून्यापासून अनंतापर्यंत √क्ष/(१ + क्ष^२). पुस्तकी रीत कीहोल काँटूरची: धन अक्षावर काप द्यायचा, वरून जायचं, लहान वर्तुळाला वळसा घालून खालून परत यायचं, वर्गमूळाचं चिन्ह पालटलं हे लक्षात ठेवायचं. आय आणि −आय या पोलांवर वर्गमूळाची कुठली किंमत घ्यायची, इथे निम्मा वर्ग घसरतो. −आयचा कोन इथे तीन पाय भागिले दोन धरायचा, उणे पाय भागिले दोन नव्हे.

क्ष = य^२ ठेवा. २य^२ डय/(१ + य^४) उरतं. काप गेला, चिन्हाची भानगड गेली. सम फलन म्हणून पूर्ण सरळ रेषेवर घेऊन निम्मं करायचं. वरच्या अर्ध्या प्रतलात दोन पोल: कोन पाय भागिले चार, आणि तीन पाय भागिले चार. दोन्हीकडे रेसिड्यू १/(२य). बेरीज −आय/√२, उत्तर पाय भागिले √२.

आता परत कीहोलकडे बघा. कापलेलं क्ष-प्रतल, कोन शून्य ते दोन पाय, य मध्ये नेलं तर कोन निम्मे होतात आणि वरचं अर्ध प्रतलच मिळतं. कापाची वरची कड झाली धन अक्ष, खालची कड ऋण अक्ष. शून्याभोवतीचा तो लहानसा वळसा अर्धवर्तुळ झाला. आय हा पोल गेला पाय भागिले चारवर, −आय गेला तीन पाय भागिले चारवर. क्ष मधला रेसिड्यू √आय/(२ आय), य मधला १/(२य). य = √आय घाला, तेच. इथे प्रतिस्थापन दुपदरी आहे, पण फक्त शून्यापाशी. पोल शून्यापासून लांब आहेत, म्हणून रेसिड्यू दुप्पट होत नाही. हा ‘कुठे’ महत्त्वाचा. दुपदरीपण सगळीकडे लावणारेही भेटतात.

ज्याला क्ष = य^२ सुचतं त्याने कीहोल शिकू नये असं नाही. √क्षच्या जागी लॉग क्ष आला की ही पळवाट बंद. तिथे दुसरी आहे.

*

ती दुसरी: क्ष = ई^य. शून्य ते अनंत क्ष^(अ−१)/(१ + क्ष), अ शून्य आणि एकच्या मधला. य मध्ये ई^(अ य)/(१ + ई^य), पूर्ण रेषेवर. क्ष मध्ये पोल एकच, उणे एकवर. य मध्ये पोलांची उभी रांग, पाय आयच्या विषम पटींवर, वर खाली न संपणारी. म्हणून काँटूर आयताचा आणि उंची नेमकी दोन पाय, रांगेतला एकच पोल आत सापडावा म्हणून. रेसिड्यू दोन्हीकडे −ई^(आय पाय अ). उत्तर पाय / साइन(पाय अ). आयत म्हणजे उलगडलेला कीहोल.

*

विमानाच्या पंखाचं गणितही रेसिड्यू प्रतिस्थापनात टिकतो, याच गोष्टीवर उभं आहे. झुकोव्स्कीचं प्रतिस्थापन झ = व + १/व. व-प्रतलातलं थोडं सरकवलेलं वर्तुळ झ-प्रतलात पंखाच्या काटछेदासारखं होतं: पुढून गोलसर, मागून टोकदार. वर्तुळाभोवतीचा प्रवाह आपल्याला पूर्ण येतो. तो पंखाभोवती नेला तर वेग बदलतात, प्रत्येक ठिकाणी विकलजाने भागले जातात. पण अभिसरण, म्हणजे वळणाभोवती वेगाची बेरीज, बदलत नाही. का? संमिश्र वेग गुणिले डझ अशी ती जोडी आहे. वेगाच्या श्रेणीतला १/झ चा सहगुणक टिकतो, आणि अभिसरण त्यातच बसलेलं असतं. पंखाच्या एकक लांबीमागे उचल म्हणजे घनता गुणिले वेग गुणिले अभिसरण. कुट्टाने १९०२ मध्ये आणि झुकोव्स्कीने १९०६ मध्ये इथपर्यंत मजल मारली.

विकलज १ − १/व^२, व = १ ला शून्य. तिथेच पंखाचं मागचं टोक. भागाकारात शून्य आलं तर वेग अनंत, म्हणून वर्तुळावर त्या जागी वेग आधीच शून्य हवा. या अटीनेच अभिसरण किती, ते ठरतं. प्रतिस्थापन जिथे मोडतं तीच जागा उत्तर देते, हे मला फार आवडतं.

पण सावध. बल काढायच्या ब्लासियसच्या सूत्रात वेगाचा वर्ग गुणिले डझ येतो. ही जोडी जशीच्या तशी पलीकडे जात नाही. वर्ग झाल्यामुळे विकलजाने दोनदा भागलं जातं आणि डझ एकदाच गुणतो, म्हणून १/विकलज हा जादा गुणक राहतो. त्याची श्रेणी १ + १/व^२ + …, तिच्यात १/व नाही. वेगाच्या वर्गाच्या पहिल्या पदाशी गुणून नवं १/व पद तयार होत नाही, म्हणून उचल सुखरूप. दुसरं एखादं प्रतिस्थापन असतं तर ही मेहेरबानी गृहीत धरता आली नसती.

*

लाग्रांज आणि याकोबी. हे टिपण लांबणार.

व = झ/ग(झ) असं दिलं आहे, ग(०) शून्य नाही. झ हा व च्या श्रेणीत हवा. श्रेणी उलटी करायची म्हणजे पदोपदी समीकरणं सोडवत बसायचं काम, चौथ्या पदाला हात टेकतात. लाग्रांजचं उत्तर, बर्लिनमध्ये १७७० साली छापलेलं: व^न चा सहगुणक म्हणजे ग^न मधल्या झ^(न−१) च्या सहगुणकाचा न-वा हिस्सा.

रेसिड्यूने हे कसं पडतं बघा. हवा असलेला सहगुणक म्हणजे झ डव/व^(न+१) चा रेसिड्यू. झ/व^न चं विकलन करा. विकलनाचा रेसिड्यू शून्य, त्यामुळे झ डव/व^(न+१) चा रेसिड्यू बरोबर डझ/व^न च्या रेसिड्यूचा न-वा हिस्सा. आता व च्या जागी झ/ग घाला: ग^न डझ/झ^न. संपलं. मधल्या पायरीवर आपण व च्या पट्टीतून झ च्या पट्टीत आलो, आणि रेसिड्यू बदलला नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं. याकोबीने १८३० मध्ये क्रेलेच्या नियतकालिकात नेमकं हे धरलं, आणि एकाहून जास्त चलांपर्यंत नेलं. अनेक चलांमध्ये डझच्या विकलजाची जागा निश्चयक घेतो, आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा.

ग = ई^झ घेतला तर सहगुणक न^(न−१)/न!. हे न^(न−१) म्हणजे न नावांच्या शिरोबिंदूंवरच्या, एक मूळ ठरवलेल्या झाडांची संख्या. मूळ ठरवायचं नसेल तर न^(न−२). चार बिंदूंवर सोळा झाडं, हाताने काढून मोजता येतात. केलीच्या १८८९ च्या टिपणामुळे सूत्राला त्याचं नाव चिकटलं, बोरखार्टने ते १८६० मध्येच दिलं होतं. झाडं मोजायला कुठला आलाय काँटूर? खरंच येत नाही. वर केलेलं सगळं नुसत्या औपचारिक श्रेणींत चालतं, अभिसारी असो वा नसो.

ग्रह मोजायला मात्र अभिसरणाची चौकशी करावी लागते. (हे श्रेणीचं अभिसरण, हवेचं नव्हे.) केपलरचं समीकरण: क = म + उ साइन क. म हा वेळेबरोबर एकसारखा वाढणारा कोन, उ उत्केंद्रता, आणि क कळला की कक्षेवरची जागा कळते. क − म ला झ म्हणा, उ ला व म्हणा, ग(झ) = साइन(म + झ). लाग्रांजने आपली रीत याच्यावर चालवली. उ^न चा सहगुणक: साइन म च्या न-व्या घाताचं न−१ वेळा विकलन, भागिले न!. पण उत्केंद्रता सुमारे ०.६६२७ च्या पुढे गेली की सगळ्या म साठी ही श्रेणी जुळत नाही. लाप्लासच्या नावाने ही मर्यादा ओळखतात. बुध ०.२०५६ वर आहे, त्याला काही धोका नाही. हॅलेचा धूमकेतू ०.९६७ वर, त्याला ही श्रेणी लावू नये.

*

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. झेड-ट्रान्स्फॉर्म उलटा करायचा म्हणजे फ(झ) झ^(न−१) डझ चे रेसिड्यू. फ = झ/(झ − अ) घ्या. न शून्य किंवा धन असेल तर अ पाशी एकच पोल, उत्तर अ^न. न ऋण झाला की शून्यापाशी आणखी एक पोल उगवतो, जितका न खाली तितका जाडजूड. त्याचा रेसिड्यू काढला की −अ^न येतो आणि दोघांची बेरीज शून्य. शून्यच येणार, हे आधी माहीत असताना एवढा घाम!

प = १/झ ठेवा. झटपट १/(१ − अप) भागिले प^(न+१) उरतं. डझच्या उणे चिन्हाला वर्तुळाची उलटी दिशा खाते. न ऋण असेल तर आत पोलच नाही, शून्य. न धन असेल तर १/(१ − अप) मधला प^न चा सहगुणक, अ^न. फिल्टरच्या पुस्तकांत झ^(−१) मध्ये का लिहितात, त्याचं एक कारण हेही.

*

चालत नाही असं प्रतिस्थापन: शून्य ते पाय संकलनात स = साइन थीटा. स शून्यातून निघतो, एकवर जातो, त्याच वाटेने शून्यात परततो. ‘दोन्ही सीमा शून्य, म्हणून संकलन शून्य’ असं लिहिलेलं मी अनेकदा तपासलं आहे. परतीच्या वाटेवर कॉसचं चिन्ह बदलतं, ते वर्गमूळात लपून बसतं. संमिश्र भाषेत, १ या शाखाबिंदूला वळसा घालून आपण दुसऱ्या पदरावर आलो.

*

ई^(झ + १/झ), शून्यापाशी. पोल नव्हे, अपरिहार्य प्रकारची सिंग्युलॅरिटी. दोन्ही बाजूंना न संपणारी श्रेणी. रेसिड्यू १ + १/२ + १/१२ + १/१४४ + …, साधारण १.५९०६. सुरुवातीची ‘बाकीची पदं विकलनं आहेत’ ही सिद्धता इथेही जशीच्या तशी लागू. ऋण घात किती आहेत, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

*

त्या सिद्धतेत मात्र एक भागाकार आहे: न+१ ने. संमिश्र संख्यांमध्ये त्याची चिंता नाही. बीजगणितवाले ज्या क्षेत्रांवर वक्र घेतात, त्यांतल्या काहींत प पट केलं की सगळं शून्य होतं, प एखादी अविभाज्य संख्या. तिथे न+१ ला प ने भाग जात असेल तर भागाकार करता येत नाही, आणि झ^न डझ हे कशाचंच विकलन नसतं. रेसिड्यू तरीही टिकतो. सेरच्या पुस्तकातली युक्ती अशी: झ = व + अ₂व^२ + अ₃व^३ + … असं ठेवून रेसिड्यू काढला तर तो अ₂, अ₃ यांची पूर्णांक सहगुणकांची एक बहुपदी येतो. नेहमीच्या संख्यांसाठी ती सदैव शून्य, हे आपल्याला माहीत आहे. मग तिचे सगळे सहगुणकच शून्य. शून्य हा पूर्णांक प च्या जगातही शून्यच.

टेटने १९६८ मध्ये पट्टीच काढून टाकली. श्रेणी उलगडायची नाही, चल निवडायचा नाही. रेसिड्यू थेट रेषीय क्रियांच्या ट्रेसमधून काढायचा. तिथे प्रतिस्थापन करायला चलच नाही, त्यामुळे तो टिकतो का हा प्रश्न उठत नाही. मात्र साधं १/झ^२ चं गणित त्या रीतीने करून बघावं. व + व^२ बरा.